तीनदा ‘नंतर’

ऑफिसात तिला सगळे ‘डॉक्टर’ म्हणायचे. कंपनी गोळ्यांची आठवण करून देणारं ॲप बनवणारी, आणि त्यात ही बाई नावाआधी डॉ. लावून आलेली. मग काय विचारता! पहिल्याच आठवड्यात गेटवरचे वॉचमनकाका पँटचा पाय गुडघ्याच्या वर सरकवून तिच्या टेबलापाशी हजर.

“जिना चढताना इथं कट्ट वाजतं बघा.”

तिने गुडघा नीट पाहिला. कुणी काही दाखवलं की आधी नीट पाहायचं, ही तिची जुनी खोड. मग हळूच म्हणाली, “काका, मी ती डॉक्टर नाही. बोलता बोलता माणसं मध्येच गप्प होतात ना, त्यावर मी पीएचडी केलीय.”

“गप्प बसण्यावर?”

“साधारण.”

“त्यावर डॉक्टर करतात?” काकांनी पँट खाली सोडली. “मग आमच्या वडिलांना कधीच करायला हवं होतं.”

विद्यापीठात तेरा वर्षं तिने तेच केलं होतं. प्रश्न विचारल्यावर माणूस उत्तराआधी किती सेकंद थांबतो, थांबून श्वास आत घेतो की बाहेर सोडतो, हे टेपवर पुन्हा पुन्हा ऐकायचं आणि कंसात आकडे घालून उतरवायचं. (१.८). (४.०). एका तासाच्या बोलण्याला नऊ तासांचं काम. तिचा प्रबंध चारशे बारा पानांचा. तो अख्खा वाचलेली माणसं जगात तीन : ती स्वतः, तिचे गाइड सर आणि बाहेरचे परीक्षक. त्यातल्या परीक्षकांबद्दल तिला शंका होती.

कायमची जागा ‘पुढच्या वर्षी नक्की’ निघणार होती. अशी ती तेरा वेळा नक्की झाली. शेवटी सर निवृत्त झाले, त्यांचा विभाग शेजारच्या विभागात विरघळला, आणि बेचाळिसाव्या वर्षी ही इथे येऊन बसली. हुद्दा, वापरकर्ता संशोधक. तीन महिने पाहू, जमलं तर कायम करू, असं सांगून घेतलेली.

दादाला हे काही केल्या पटत नव्हतं. रविवारी सकाळी त्याचा फोन यायचा आणि दर रविवारी तीच उलटतपासणी.

“म्हणजे तू नक्की करतेस काय गं?”

“लोक ॲप कसं वापरतात ते बघते.”

“कुठून बघतेस?”

“त्यांच्या शेजारी बसून.”

“आणि बटण कोण दाबतं?”

“ते दाबतात.”

“मग तुझं काय काम?”

मागून वहिनी म्हणायची, “अहो, राहू द्या की, दमली असेल ती.” मग दादा आवाज उतरवून, “बरं, जेवलीस ना?” हिचं उत्तर ठरलेलं, “हो.” जेवलेली असो की नसो. आणि फोन ठेवून झाल्यावर पुढच्या रविवारपर्यंत तिच्याशी, म्हणजे खास तिच्याशी म्हणून, कुणी बोलायचं नाही.

तसं चौथ्या मजल्यावरच्या त्या दीड खोलीत आवाजाला तोटा नव्हता. संध्याकाळी ती हातपाय धुऊन मुलाखतींचं रेकॉर्डिंग लावायची. एखादा निवृत्त ड्रायव्हर खोकत खोकत बोलायचा, एखादी काकू सुनेचं गाऱ्हाणं सांगायची, आणि ही भाजी चिरता चिरता त्यांना “हं… हं…” करायची. रेकॉर्डिंगला! एकदा समोरची शेजारीण दार ओढून घेताना कौतुकाने म्हणाली, “तुमच्याकडे पाहुण्यांची फार ये-जा बाई. आमच्याकडे कुत्रं फिरकत नाही.” ही नुसती हसली.

ऑफिसातला तिचा प्रमुख अठ्ठावीस वर्षांचा होता. मनाने चांगला पोरगा, पण घाईत जन्मलेला. त्याला ऑफिसात मागून ‘थोडक्यात’ म्हणत, कारण त्याचं प्रत्येक वाक्य तिथूनच सुरू व्हायचं. तिने पहिल्या महिन्यात चौसष्ट पानांचा अहवाल दिला, तेव्हा त्याने तो हातावर तोलून पाहिला, पाणी प्यायला आणि म्हणाला, “थोडक्यात, तीन मुद्दे द्या, डॉक्टर. एका स्लाइडवर. मोठ्या अक्षरात.”

दुसऱ्या महिन्यात त्याने तिला खरं काम दिलं.

ॲपचा प्रकार सोपा होता. सकाळी आठला फोन किणकिणायचा. पडद्यावर दोन बटणं : ‘घेतली’ आणि ‘नंतर’. ‘नंतर’ दाबलं की दहा मिनिटांनी पुन्हा किणकिण. असं तीनदा ‘नंतर’ झालं की दुसऱ्या मजल्यावरून जिवंत माणसाचा फोन जायचा. त्या विभागात चार पोरी होत्या. त्यांतली सगळ्यात जुनी ती फोनवाली. तिचा आवाज मधात बुडवून काढल्यासारखा : “नमस्काऽर, औषधाची वेळ झालीये बरं काऽ!”

“थोडक्यात,” थोडक्यात म्हणाला, “दोनशे बारा लोक असे आहेत की ज्यांना आपला फोन जवळजवळ रोज जातो. विसरभोळे. आता विसरभोळ्याला आठवण करायला माणूस कशाला हवा? रेकॉर्ड केलेला आवाज पुरे. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी बैठक आहे. तुम्ही काही लोकांना भेटा आणि सांगा, फोन ठेवायचा की काढायचा. तुमच्या तोंडून आलं की झालं.”

“किती वेळ आहे?”

“एक आठवडा. पाच माणसं.”

“नऊ माणसं आणि तीन आठवडे,” ती म्हणाली. चौसष्ट पानांची धास्ती त्याने घेतलेलीच होती. तो लगेच हो म्हणाला.

ती आधी दुसऱ्या मजल्यावर गेली. फोनवालीचं नाक त्या दिवशी चोंदलेलं होतं, तरी मध तसाच.

“एक सांगू का, डॉक्टर?” कानावरचा हेडफोन बाजूला सरकवत ती म्हणाली. “विसरलेला माणूस फोन कसा उचलतो? आठव्या रिंगला, धापा टाकत, ‘कोण? काय? कुठली गोळी?’ असा. आणि यातले बरेच जण पहिल्या रिंगला उचलतात. अर्धी रिंगसुद्धा होत नाही. मी ‘नमस्का’ म्हणते, ‘र’ त्यांच्या कानात पडतो. मी कुणाला बोलले नाही हं. मला काय करायचंय?”

यादीत सातव्या होत्या कोर्टातून निवृत्त झालेल्या स्टेनोबाई. वय चौऱ्याहत्तर, रक्तदाबाची गोळी, तिसरा मजला. ती सकाळी पावणेआठला त्यांच्या दारात उभी राहिली.

“आजी, आत येऊ?”

“आजी कुणाची? मला नातवंडं नाहीत.”

“मग मावशी म्हणू?”

“मला बहीण नाही.”

“मग काय म्हणू?”

“बाई म्हण. कोर्टात एकतीस वर्षं जज्जपासून चोरापर्यंत सगळे बाईच म्हणत होते. कुणाचं काही अडलं नाही.”

घरात दोन खुर्च्या. एक टेबलापाशी, बसून बसून गुळगुळीत झालेली. दुसरीवर घडी केलेले कपडे. ते उचलून कुठे ठेवावेत हे बाईंना पटकन कळेना. त्या कपड्यांना बऱ्याच दिवसांत उठावं लागलेलं नव्हतं. शेवटी त्यांनी ते पलंगावर नेले, आणि ही त्या खुर्चीवर बसली, रेकॉर्डर चालू केला आणि गप्प झाली. हे तिला कुणाहीपेक्षा छान जमायचं. मान हलवायची नाही, ‘अरे वा’ म्हणायचं नाही, पेन वाजवायचं नाही. समोरच्याला हळूहळू विसरच पडला पाहिजे, असं सर सांगायचे.

आठ वाजले. फोन किणकिणला. बाईंनी सात कप्प्यांच्या डबीतून गोळी काढली, पाण्याबरोबर घेतली, पदराने ओठ टिपले. मग चष्मा सारखा केला आणि अगदी ठामपणे ‘नंतर’ दाबलं.

हिने वहीत वेळ टिपली.

आठ दहा. ‘नंतर’. बाईंनी केस सारखे केले.

आठ वीस. ‘नंतर’. आता त्यांनी खुर्ची टेबलाला भिडवली, फोन सरळ करून पुढ्यात ठेवला आणि त्याच्याकडे पाहत बसल्या. निकाल लागायची वाट बघतात, तशा.

फोन वाजला. खरंच, अर्धी रिंगसुद्धा झाली नाही.

“बाई, आज पण विसरलात?” मधाचा आवाज.

“अय्या! विसरलेच की गं! हे डोकं बघ माझं, नुसतं भोपळा झालंय.” एकतीस वर्षं चेहरा न हलवता टाइप केलेल्या बाई आता दोन्ही हात हलवून बोलत होत्या. “थांब हं, घेते… ही घेतली. आणि तुझं नाक अजून चोंदलेलंच? वाफ घेतलीस का?”

“घेतली हो.”

“खोटं. आवाजावरून कळतं मला. मी साक्षी ऐकल्यात, बाळा. सोमवारपासून सर्दी आहे तुला, आज गुरुवार.”

चाळीस सेकंदांत संपवायचा फोन, असा कंपनीचा नियम. हा चालला तीन मिनिटं दहा सेकंद. तो ठेवल्यावर बाई हसऱ्या तोंडानेच वळल्या आणि त्यांना कोपऱ्यात बसलेली ही दिसली.

“अगं, तू होतीस नाही का!” त्या जरा वरमल्या. मग म्हणाल्या, “तू आहेस असं वाटतच नाही गं. भिंतीसारखी बसतेस.”

हिने वहीत लिहिलं : निरीक्षकाचा प्रभाव नगण्य. सर ऐकते तर पाठ थोपटली असती. परतीच्या बसमध्ये तिने ते वाक्य पुन्हा एकदा वाचलं, मग वही पिशवीत तळाशी टाकली.

निघताना बाई दारात म्हणाल्या होत्या, “हे कुणाला सांगायचं नाही हं.”

“तुमचं नाव कुठेही येणार नाही, बाई.”

“नावाचं काय घेऊन बसलीस!”

नऊपैकी सात जणांचं थोड्याफार फरकाने हेच निघालं. कुणी गोळी घेऊन ‘नंतर’ दाबत होतं, कुणी ‘नंतर’ तीनदा दाबून मग गोळी घेत होतं. पण त्या सातांत विसरत कुणीच नव्हतं. हिला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की आपल्या कंसांतल्या आकड्यांनी कुणाचं काही वाचेल. तो फोन वाचेल. तिने एका स्लाइडवर, मोठ्या अक्षरात, एकच ओळ लिहिली : फोन काढू नका.

इथवर सगळं ठीक होतं. पुढचं दुसऱ्या कुणीही केलं नसतं. ऑफिसातल्या कुणाच्या स्वप्नातही ते आलं नसतं. ते करायला तेरा वर्षं विद्यापीठातच घालवायला लागतात.

संशोधनाची एक जुनी, इमानी रीत असते. ज्याचं बोलणं उतरवून घेतलं, त्याला ते वाचायला पाठवायचं. ‘आपलं म्हणणं बरोबर उतरलं आहे ना, पाहून सही करावी.’ आपल्याबद्दल काय लिहिलं जातंय ते कळण्याचा त्याचा हक्क असतो म्हणून. तिने नऊ पाकिटं केली. आत उतरवलेलं बोलणं, थांबण्याच्या आकड्यांसकट. शेवटच्या पानावर निष्कर्ष, तिच्या सवयीच्या भाषेत :

‘सहभागी क्र. ७ यांनी सकाळी ८.०० वाजता औषध घेतले. त्यानंतर “नंतर” हे बटण तीनदा दाबले. कृती हेतुपुरस्सर. संभाव्य कारण : मानवी आवाज ऐकण्याची गरज.’

पत्रं टाकून आली तेव्हा ती खुशीत होती. कुणाला सांगायचं नाही असं बाई म्हणाल्या होत्या. तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. फक्त बाईंनाच सांगितलं होतं.

शुक्रवारी बैठकीत तिने स्लाइड लावली. ‘थोडक्यात’ तिच्याकडे हसून बघत होता.

“फोन काढू नका म्हणता? पण डॉक्टर, तुम्हीच तर बंद केलेत ते!”

त्याने भिंतीवर आलेख लावला. तिच्या नऊ माणसांच्या नऊ रेघा, रोज कितीदा ‘नंतर’ दाबलं त्याच्या. दहा दिवसांपूर्वीपर्यंत सगळ्या उंच. मग मंगळवारी-बुधवारी, म्हणजे पाकिटं पोहोचली त्या दिवशी, सात रेघा धाडकन खाली. क्रमांक सात तर थेट शून्यावर. रोज आठला ‘घेतली’. एकदाही ‘नंतर’ नाही.

“जादू आहे, डॉक्टर! तुम्ही त्यांना काही पत्र पाठवलंत म्हणे. काय होतं त्यात? थोडक्यात सांगा.”

तिने तोंड उघडलं. आवाज फुटला नाही. समोर कुणी बसून मोजलं असतं, तर मोठा आकडा निघाला असता.

“जे असेल ते,” तो उत्साहाने म्हणाला, “दोनशे बाराच्या दोनशे बारांना पाठवून देऊ!”

“नाही,” ती म्हणाली. इतक्या जोरात, की तिलाच दचकायला झालं. मग तिला एकच हत्यार सापडलं, आणि तिने ते चालवलं. “प्रत्येकाची लेखी संमती लागेल. आधी घरी जाऊन मुलाखत. एकेका तासाला नऊ तास उतरवायला. दोनशे तीन माणसं उरली. दोन-अडीच वर्षं लागतील.”

थोडक्यातचा चेहरा पडला. “मग राहू दे. रेकॉर्ड केलेला आवाजच लावू या सोमवारपासून. विसरभोळा माणूस सुधारू शकतो हे तुम्ही सिद्ध केलंतच. आणि हो, अभिनंदन! तुम्हाला आम्ही कायम करतोय.”

चारजणांनी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी तिने दादाला फोन लावला. शुक्रवार असूनही. वहिनीने उचलला, “ते बाहेर गेलेत गं, काही विशेष?” “नाही, सहज.” “बरं, जेवलीस ना?”

“हो,” ती म्हणाली.

शनिवारी ती पुन्हा स्टेनोबाईंच्या दारात उभी राहिली. बाईंनी दार उघडलं, पण साखळी काढली नाही. फटीतून पाकीट बाहेर आलं.

“सही करून ठेवलीय. टाकायलाच निघणार होते.”

“बाई, मी पत्रासाठी नाही आले.”

“एक शब्द चुकलेला नाही. मी दोनदा तपासलं. कोर्टात अशी कामाची माणसं मिळत नाहीत.” बाईंच्या आवाजात टोमणा नव्हता, तेच वाईट होतं. “पण एक सांगू? साक्षीदार रडायला लागला, गप्प झाला, की आम्ही थांबायचो. ते लिहायचो नाही. जज्जसाहेबसुद्धा खिडकीबाहेर बघायचे.”

“माझं चुकलं, बाई. सोमवारपासून ते फोनच बंद करतायत. रेकॉर्डिंग लावणार. तुम्ही सगळ्यांनी उद्या पुन्हा ‘नंतर’ दाबलंत, तर मी त्यांना सांगू शकेन की…”

“कशी दाबू?”

“पूर्वी दाबायचात तशीच.”

“पूर्वी ती विचारायची, ‘विसरलात?’, मी म्हणायचे, ‘विसरले’. तेव्हा ते खोटं नव्हतं गं. म्हणजे होतं, पण आम्हा दोघींत होतं, आणि दोघीही त्याकडे बघत नव्हतो.” साखळी जरा हलली. “आता ते टाइप झालंय. आता दाबलं तर ती खोटी साक्ष. या वयात ते नको.”

जिन्यात खालून कुणीतरी भांडं आपटलं.

“मी करू का रोज फोन?” तिने विचारलं.

“कंपनीचा?”

“नाही. असाच.”

बाईंनी फटीतून तिच्याकडे नीट पाहिलं. “असाच फोन करून तू बोलशील काय? तू बोलतच नाहीस. मी तुला दीड तास घरात बसवलं, तू निघून गेलीस, आणि मला तुझ्याबद्दल एक अक्षर माहीत नाही. त्या पोरीची सर्दी माहीत होती मला, तिच्या भावाची परीक्षा माहीत होती. तुझं काय आहे?”

“माझं… विशेष काही नाही.”

“बघ,” बाई म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

सोमवारी सकाळी ती घरीच टेबलाशी बसली. समोर कागद घेतला आणि बोलण्यासाठी मुद्दे काढायला लागली. एक : प्रकृती कशी आहे. दोन : झोप कशी लागली. तीन : रेकॉर्डिंगचा आवाज आला का. तेरा ओळी झाल्यावर तिने वर पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं की सगळे प्रश्नच आहेत. तिने कागद चुरगळला. मग नंबर फिरवला.

फोन बराच वेळ वाजत राहिला. ती ठेवणारच होती.

“घेतली गोळी,” पलीकडून कोरडा आवाज. “अजून काही?”

“बाई, मी बोलतेय.”

“कळलं. प्रश्न विचारायचे नाहीत. विचारलास की मी ठेवणार.”

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी चालू करायची खटपट करत होतं. तिने आजूबाजूला पाहिलं : ओटा, पातेलं, खुर्चीवरची पिशवी. आपल्याकडे सांगण्यासारखं काय आहे हे शोधताना तिला घाम फुटला. तोंडी परीक्षेलाही फुटला नव्हता.

“मी,” ती म्हणाली, “अजून चहा घेतला नाहीये.”

“का?”

तिने पातेल्याचं झाकण उचललं.

“दूध संपलंय,” ती म्हणाली.

“मग जाऊन आण,” बाई म्हणाल्या, आणि त्यांनी फोन ठेवला.